शेळगावच्या लॅपटॉपमधली लोकर

तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी पाणी देत असे, मग सतरा प्रश्न विचारत असे. मशीन कुठं ठेवता? खोलीत अर्थिंग आहे का? शेजारी मोटार, चक्की, फ्रीज काही चालतं का? प्रश्न कागदावर छापलेले होते, प्रत्येकापुढं उत्तराला जागा आणि तळाशी माझी सही. गिऱ्हाइकं वैतागत. एक बागाईतदार म्हणाले होते, "बाई, पोरीला बघाय आलेल्यांनी बी येवढं इचारलं न्हवतं." मी म्हणाले, "अर्थिंग आहे की नाही, तेवढं सांगा."

बारामतीतल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. माहेर माळेगावचं, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सुरुवातीला लोक माझ्या खांद्यावरून मागं बघायचे, खरा इंजिनिअर कुठं आहे म्हणून. त्याबद्दल लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. पण ते प्रकरण दोन वर्षांत मिटलं, त्यात लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. या अंकासाठी मी आठवणींची यादी केली. एकतीस निघाल्या. ज्या मिटल्या त्यांच्यापुढं टिक करत गेले. तीस टिका झाल्या. राहिलेली एक लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लॅपटॉप ही वस्तू आमच्या भागात लोकांनी जाहिरातीतच पाहिलेली. दसरा ते दिवाळी या दिवसांत आमच्या शेठनी पाच विकले. परदेशी कंपनीचे, नवं मॉडेल, काळेभोर, उघडताना मोटारीच्या दारासारखा आवाज करणारे. एकाच्या किमतीत दोन चांगल्या मोटारसायकली आल्या असत्या. एक गेला बारामतीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे, एक जळोचीच्या बिल्डरकडे, एक कॉलेजच्या प्राध्यापकांकडे, एक द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या बागाईतदारांकडे. पाचवा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यानं घेतला. शेठनी पाची खोक्यांना हार घातले आणि मला म्हणाले, "मॅडम, ही मशीनं भारी आहेत. तुम्हाला आता बसून पगार."

चाळीस दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. स्क्रीनवर जांभळ्या रेघा येतात, अक्षरं फाटतात, मग सगळं गोठतं. बंद करून तासाभरानं लावलं की पुन्हा ठीक. मी गेले, सतरा प्रश्न विचारले. मशीन टेबलावरून हललेलं नव्हतं. खोली स्वच्छ, गार. पण अर्थिंग कच्चं होतं. मी कागदावर लिहिलं: अर्थिंग सदोष.

मग जळोची. बिल्डरसाहेब बंगल्याचे नकाशे लॅपटॉपवर दाखवून गिऱ्हाईक गटवत. ऐन वेळी नकाशाच्या तीन प्रती एकावर एक चढल्या आणि गिऱ्हाईक म्हणालं, "जिने लई झालेत की ओ, वर काय हाय एवढं?" बिल्डरसाहेब म्हणाले, "ताई, माझा बंगला गेला हो हातचा." त्यांच्या साइटवर सिमेंट उडत होतं. मी लिहिलं: सिमेंटची धूळ.

कॉलेजात प्राध्यापकांच्या लॅपटॉपला तेच. तिथं प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून कमलबाई होत्या, पन्नाशीच्या, अतिशय टापटिपीच्या. रोज सकाळी त्या टेबल, खुर्च्या, फळा आणि लॅपटॉप एकाच ओल्या फडक्यानं पुसत. मी लिहिलं: ओल्या फडक्यानं पुसतात. बागाईतदारांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये गंधकाचा धूर असे. मी लिहिलं: गंधक.

मशीनं मुंबईला गेली. कंपनीनं आतलं कसलं तरी सॉफ्टवेअर पुन्हा घालून परत पाठवली आणि प्रत्येकाबरोबर एक पत्र. डॉक्टरीणबाईंच्या पत्रात अर्थिंग, बिल्डरच्या पत्रात सिमेंट. माझेच शब्द, फक्त टाइप केलेले. मला त्याचा अभिमान वाटला. मुंबईचे इंजिनिअर आपल्या कागदावर विसंबतात, असं मी घरी सांगितलंसुद्धा.

पाचवा लॅपटॉप मात्र चालत राहिला. तो होता सोपान मासाळ यांच्याकडे.

सोपानराव कारखान्याच्या शेतकी खात्यात होते, शेळगाव भागात. कुणी ऊस कधी लावला, किती, कुठल्या जातीचा, याची नोंद शेतावर जाऊन करायची. त्या नोंदीवरून तोडणीचा क्रम लागतो, म्हणून गावात या माणसाला चहा फार मिळतो आणि शिव्याही फार मिळतात. हे काम वहीऐवजी लॅपटॉपवर करून बघावं, असं चेअरमनांच्या मनात आलं आणि इंदापुरात टायपिंगची परीक्षा दिलेले सोपानराव त्यासाठी निवडले गेले. सहा वर्षं ते हंगामी होते. हंगामी म्हणजे गाळप सुरू झालं की कामावर, गाळप संपून पट्टा पडला की घरी. प्रयोग नीट झाला तर एप्रिलच्या संचालक मंडळाच्या सभेत त्यांना कायम करायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी ती मोडून शेती धरली. खुर्चीवर बसून पगार घेणारं घरातलं हे पहिलं माणूस.

मार्चमध्ये ते दुकानात आले तेव्हा लॅपटॉप घोंगडीत गुंडाळलेला होता. बाळंतिणीच्या कुशीत मूल ठेवावं तसा त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, रेघा याय लागल्यात."

"घोंगडी कशाला?"

"मोटारसायकलवर न्यावा लागतो की. कंपनीनं दिल्याली पिशवी पातळ हाय. रस्ता तर तुमी बघितलाय. दगडाला दगड. ही आमच्या तात्याची, वडलांची घोंगडी, हिच्यात अंडं गुंडाळून टाकलं तरी फुटायचं न्हाय."

मी मशीन उघडलं. बाजूला लहानसा पंखा असतो, आतली गरम हवा बाहेर टाकणारा. त्याच्या पात्यांवर काळ्या लोकरीचं वेटोळं बसलं होतं. मी ते चिमट्यानं काढलं, प्लॅस्टिकच्या पुडीत घातलं आणि पुडी कागदाला स्टेपल केली. लिहिलं: पंख्यात लोकर. कागद मुंबईला फॅक्स केला. पुडी लावलेली मूळ प्रत नेमाप्रमाणे कारखान्याला पाठवली. एवढं नेटकं काम केल्याचं समाधान घेऊन घरी गेले.

बारा दिवसांनी सोपानराव पुन्हा आले. या वेळी हातात फक्त पत्राची नक्कल होती. कंपनीनं कारखान्याला कळवलं होतं, की वापरणाऱ्याची हयगय झाली असून पुरावा म्हणून लोकर सापडली आहे, वॉरंटी लागू नाही. ते बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही.

"ताई, सायेब म्हंत्यात, ह्येला मशीन दिलं की मेंढरू दिलं? समद्या हापिसात हसत्यात. दोन शिपाय मला बघून बें बें करत्यात."

"मी हयगय असं लिहिलेलं नाही."

"तुमी लोकर लिवली. त्येनं वाचायचं ते वाचलं." पत्राची घडी घालत म्हणाले, "सभा पुढल्या आठवड्यात हाय. मी लोकर न्हवती म्हनत न्हाय. पर तुमीच सांगा, येवढ्याशा लोकरीनं मशीन मेलं का?"

मला ते माहीत नाही, हे मी सांगितलं नाही. "बघते" म्हणाले.

मार्च संपला की मी वर्षाच्या तक्रारींचा गोषवारा करत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच करायला बसले आणि पाची कागद प्रथमच टेबलावर शेजारी शेजारी आले. आतापर्यंत प्रत्येक कागद त्या त्या गिऱ्हाइकाच्या फाइलीत असायचा. पाच फाइली, पाच गुन्हे. अर्थिंग, सिमेंट, फडकं, गंधक, लोकर. प्रत्येक घरात शिरून मी त्या घराचा दोष शोधून आणला होता, आणि शोधणाऱ्याला तो प्रत्येक घरात सापडतोच.

मग मी अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. हा प्रश्न असा: बाहेरचा मॉनिटर जोडला तर त्यावरही रेघा दिसतात का? सांगायला सोपं आहे. दिसत नसतील तर दोष लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनमध्ये. दिसत असतील तर दोष आत, जिथं चित्र तयार होतं त्या चिपपाशी. ही चिप कथलाच्या शेकडो बारीक थेंबांवर बसवलेली असते. मशीन तापलं की खालची पाटी किंचित फुगते, निवलं की आकसते. कारखान्यात थेंब नीट बसले नसतील तर रोजच्या फुगण्या-आकसण्यानं एखादा सुटतो आणि चित्र फाटतं. निवल्यावर तो पुन्हा टेकतो, मशीन शहाण्यासारखं चालतं.

पाची कागदांवर अकराव्या प्रश्नापुढं "होय" होतं. माझ्याच अक्षरात.

पहिल्या तक्रारीचे दिवस मोजले. टेबलावरून न हललेलं डॉक्टरीणबाईंचं मशीन चाळीस दिवसांत गेलं होतं. खड्ड्यांतून, उसाच्या फडांतून मोटारसायकलवर हिंडलेलं सोपानरावांचं जवळजवळ पाच महिने चाललं होतं. सगळ्यांत जास्त. लोकरीनं पंखा थोडा जड झाला असेल, ते मी आजही नाकारत नाही. पण घोंगडीनंच त्या मशीनला इतके दिवस सांभाळलं होतं.

मुंबईला फोन लावला. तिथले इंजिनिअर ओळखीचे झाले होते. सगळं ऐकून ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही माझ्याकडून ऐकलं नाही असं समजा. या लॉटची मशीनं सगळीकडून परत येताहेत."

"मग लिहून द्या."

"वरून आल्याशिवाय नाही देता येत."

"वरून कधी येईल?"

"दोन-तीन महिने."

सभेला पाच दिवस होते.

शेठना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, आपण कंपनीचे डीलर आहोत. कंपनीचा माल खराब, हे आपणच गिऱ्हाइकाच्या सभेत जाऊन सांगायचं? एक माणूस हंगामी राहिला तर राहिला, पुढच्या वर्षी होईल कायम." त्यांचंही चुकीचं नव्हतं, दुकानावर आम्ही सात जण जेवत होतो. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. कारण: खासगी काम. ते वाचून म्हणाले, "खासगी म्हणजे इंदापूर रस्त्याला ना?" मी हो म्हणाले. त्यांनी सही केली, पण पेन जोरात आपटलं.

डॉक्टरीणबाईंकडे त्यांचा लॅपटॉप मागायला गेले. मुंबईहून आल्यावर तो आणखी चार वेळा बिघडला होता. "न्या," त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, परत आणू नका." कारखान्याचा लॅपटॉप दुकानातच होता. दोन्ही पिशव्या माझ्या एम-एटी गाडीच्या पुढं ठेवून मी निघाले. मनात एकच घोर होता: आज नेमकी ही दोन्ही मशीनं नीट चालली तर? दुरुस्तीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. घरी रडणारं मशीन इंजिनिअरसमोर हसतं.

आणि तसंच झालं.

सोपानरावांनी चेअरमनांना गळ घालून मला सभेत पंधरा मिनिटं मिळवून दिली होती. सभागृहात एसी होता. लांब टेबलाभोवती संचालक, मधल्या खुर्चीत चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत. शेजारी एमडीसाहेब. सोपानराव दाराजवळ उभे, काखेत घोंगडी. ती कशाला आणली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गुन्हेगार हजर नको का?"

मी दोन्ही लॅपटॉप लावले. स्वच्छ स्क्रीन. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी अकरावा प्रश्न समजावून सांगितला, कथलाचे थेंब सांगितले. सगळे माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होते.

आबा म्हणाले, "बाई, ह्ये तर झ्याक चाललंय की."

"तापल्यावर बिघडतं, आबा. इथं गारवा आहे."

"मंग आता आमी काय, शेकोटी पेटवावी का?" एका संचालकांनी विचारलं. सगळे हसले.

एमडीसाहेब हसले नाहीत. ते मुद्द्याचे माणूस होते. "बाई, हे कारखान्याचं मशीन. यातली लोकर तुम्ही काढलीत. काढल्यावर ते नीट चालतंय. म्हणजे बिघाड लोकरीमुळंच होता, असाच याचा अर्थ नाही का?"

मी नाही म्हणाले. पण समोर नीट चाललेलं मशीन माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. आयुष्यभर मशीन चालावं म्हणून देवाला हात जोडले होते, त्या दिवशी ते बिघडावं म्हणून मनातल्या मनात नवस बोलत होते. पंधरा मिनिटं झाली. एमडीसाहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "पुढचा विषय घेऊ. मासाळांचं पुढच्या हंगामात बघू."

सोपानराव पुढं आले. त्यांनी दोन्ही मशीनं तशीच, उघडी, दोन हातांवर उचलली आणि आम्ही खाली आलो.

खाली पत्र्याच्या शेडमध्ये माझी गाडी होती. दुपारचे तीन. पत्रा असा तापलेला, की शेडमध्ये उभं राहिलं तर डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटावं. पट्टा पडायला आठवडा राहिला होता, शेवटच्या बैलगाड्या वजनकाट्यापुढं उभ्या होत्या. सोपानरावांनी मशीनं एका रिकाम्या पिंपावर ठेवली आणि खिशातून तंबाखू काढली. मी पिशव्या काढत होते.

"माफ करा सोपानराव," एवढं म्हणाले.

"तुमी तरी आलासा. बाकी कोण आलं?" ते तंबाखू मळत म्हणाले. "तात्यास्नी काय सांगू तेवढं इचार करतोय. त्येंनी घोंगडी जाळतो म्हनून काढली हुती काल. म्हातारीनं लपवली."

मी डॉक्टरीणबाईंचं मशीन बंद करायला हात घातला आणि हात तसाच राहिला. वरच्या कोपऱ्यात एक जांभळी रेघ थरथरत होती. मग दुसरी. बघता बघता अर्धी स्क्रीन जांभळी झाली.

"ताई!" सोपानराव ओरडले. "आली! आन् ह्येच्यातबी आली बघा!" कारखान्याच्या मशीनवर अक्षरं उभी चिरली जात होती. ते असे हसत होते, की काट्यापुढचे गाडीवान वळून बघायला लागले.

मी बॅटरी पाहिली. एकाची अकरा मिनिटं, दुसऱ्याची चौदा. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. आणि वर एसी.

"वर जाईपर्यंत निवलं तर पुन्हा नीट होईल," मी म्हणाले.

सोपानरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीवर टाकलेल्या घोंगडीकडं. ती पत्र्याखाली तापून चांगली गरम झाली होती. दोघांच्याही मनात एकच आलं, पण हात त्यांनी आधी घातला. दोन्ही मशीनं अर्धवट मिटून, एकावर एक ठेवून, त्यांनी ती घोंगडीत लपेटली. ज्या वस्तूला मी कागदावर गुन्हेगार केलं होतं, तिच्यातून आम्ही पुरावा ऊबदार ठेवून जिना चढलो.

"पळू नका," मी म्हणत होते, "धक्का बसला तर रेघ जाईल."

"न्हाय पळत. तुमी दार उघडा."

सभेत रस्त्याच्या खडीकरणाचा विषय चालला होता. मी न विचारता दार ढकललं. सोपानरावांनी घोंगडी आबांच्या समोर ठेवली आणि सोडली. दोन्ही स्क्रीन जांभळ्या.

तेच शेकोटीवाले संचालक म्हणाले, "घोंगड्यात गुंडाळल्यावर बिघडणारच की!"

याचं उत्तर मात्र आता माझ्या हातात होतं. मी डॉक्टरीणबाईंच्या मशीनवर की-बोर्डच्या डाव्या अंगाला अंगठा दाबला. खाली चिप असते. रेघा गेल्या. अंगठा उचलला, रेघा आल्या. मग कारखान्याच्या मशीनवर, त्याच जागी. दाबलं, गेल्या. उचलला, आल्या. "हे डॉक्टरांचं मशीन आहे. यानं आजपर्यंत घोंगडी पाहिलेली नव्हती. दोघांनाही एकाच जागी दुखतंय."

आबा पुढं वाकले. "बगू." त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला. दाबला, उचलला. पुन्हा दाबला, उचलला. चार-पाच वेळा. मग शेजारच्याला म्हणाले, "तुमी बगा." अंगठा टेबलाभोवती फिरला.

"म्हंजी बैल लंगडाच धाडला त्येंनी," आबा म्हणाले. "आन् आपुन गाडीवानाला बोलाय लागलो."

एमडीसाहेबांनी फाइल उघडली. "ते ठीक आहे आबा. पण फाइलवर याच बाईंचा रिपोर्ट आहे. लोकरीचा. पुडीसकट." त्यांनी फाइल माझ्याकडं वळवली. माझं नेटकं अक्षर, माझी सही, सरळ मारलेली पिन. सगळे माझ्याकडं बघत होते. सोपानराव सोडून, ते घोंगडीची घडी करत होते.

मी कारखान्याचाच एक कोरा कागद मागितला. पहिलं वाक्य लिहायला वेळ लागला, कारण तसं वाक्य मी आधी कधी लिहिलं नव्हतं. "माझा आधीचा अहवाल अपुरा व दिशाभूल करणारा आहे. एकाच बिघाडाची पाच मशीनं माझ्याकडं आली होती व मी त्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या नाहीत. दोष मशीनचा आहे, वापरणाऱ्याचा नाही." सही केली. दुकानाचा शिक्का नव्हता, म्हणून खाली घरचा पत्ता लिहिला.

आबा म्हणाले, "मासाळांचं आत्ताच घ्या. पुढल्या हंगामात नगं." एमडीसाहेबांनी लिहून घेतलं आणि पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "ही आता आम्हाला नको."

सोपानराव कायम झाले. जूनमध्ये कंपनीनं पाची मशीनं बदलून दिली, पत्रात कारण दिलं नाही. शेठ आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या वर्षी त्या कंपनीची डीलरशिप आमच्याकडून काढून पुण्याच्या एका दुकानाला दिली गेली. शेठनी मला मात्र काढलं नाही.

नवं मशीन द्यायला मी स्वतः शेळगावला गेले. ओट्यावर सोपानरावांचे वडील बसले होते. मी पुढं केलेली लोकरीची पुडी तात्यांनी हातात घेतली, उन्हात धरून पाहिली.

"येवढीच?"

"एवढीच."

"येवढ्याशा लोकरीत आमचं पोरगं अडाकलं हुतं व्हय? हितं तर आमी अर्धा जलम काढला हिच्यात." मग पुडी परत देत म्हणाले, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा कुनाचं लिवताना बघाय बरी."

इथवर सगळं नीट आहे, मग टिक का नाही, ते सांगते.

त्या जूनमध्येच मी बाकीच्या चौघांकडं जायची यादी केली. चूक माझी होती, तर सांगायलाही मीच जायला हवं. डॉक्टरीणबाई हसल्या. बिल्डरसाहेब म्हणाले, "म्हणजे आमचं सिमेंट निर्दोष सुटलं." बागाईतदारांना गंधकाचं काही वाटलंच नव्हतं. कॉलेजात प्राध्यापक भेटले. मी सांगितलं, की फडक्याचा काही संबंध नव्हता.

"कमलबाईंना तर आम्ही जानेवारीतच कमी केलं," ते म्हणाले. "रोजंदारीवर होत्या. तुमचा रिपोर्ट होता, त्यामुळं प्रश्नच आला नाही."

"कुठं असतात?"

ते त्यांना माहीत नव्हतं. कार्यालयात पत्ता मिळाला तो भाड्याच्या खोलीचा. तिथं गेले, खोली सोडून त्या मुलीकडं गेल्या होत्या. मुलीचं गाव कुणी टेंभुर्णीकडचं सांगितलं, कुणी दौंडकडचं. दोन्हीकडं गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले.

सोपानराव पत्राची नक्कल घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले, म्हणून शेजारी शेजारी आलेल्या त्या कागदांकडं मी नीट पाहिलं. कमलबाई आल्या नाहीत. आपल्याविरुद्ध काही लिहिलं गेलंय, हे तरी त्यांना कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. त्यांना वाटलं असेल, पुसताना काहीतरी राहिलं.

छापलेल्या प्रश्नांत मी अठरावा प्रश्न घातला: असाच बिघाड आणखी कुणाकडं झाला आहे का? तो गिऱ्हाइकाला विचारायचा नव्हता, सही करण्याआधी मला विचारायचा होता. प्राध्यापकांना भेटले त्याच दिवशी कॉलेजच्या नावानं आधीची चूक दुरुस्त करणारा एक अहवाल लिहिला होता, एक प्रत प्राध्यापकांना दिली. दुसरी प्रत पाकिटात घातली आणि वर नाव लिहिलं: श्रीमती कमलबाई, प्रयोगशाळा मदतनीस.

निवृत्त होताना दुकानातल्या वस्तूंची यादी करून दिली, प्रत्येक स्क्रूड्रायव्हरसकट. लोकरीची पुडी आणि ते पाकीट यादीत घातलं नाही. दोन्ही घरी आणली. पाकिटावर पत्त्याची जागा अजून रिकामी आहे.